पावडर कुमुदताईंना, मांडी दिगंबररावांची

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! आपल्या माणसाचं दुखणं आपणच सोसावं, असं वाटतं ना? वाटतं! पण तसं केलं, तर त्याला बळ येतं का? माना डोलावू नका उगीच — ऐका!

इस्लामपुरात दिगंबरराव शेटे नावाचा भला माणूस. बायको कुमुदताई, शाळेत खो-खो शिकवायच्या. पोरींना सूर मारून दाखवायला गेल्या आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं! ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "मांडी बारीक झालीय. प्रोटीनची पावडर द्या आणि व्यायाम करून घ्या."

दिगंबररावांनी निम्मंच ऐकलं — तुम्ही कीर्तन ऐकता तसं!

मग काय! सकाळी दुधात पावडर, दुपारी ताकात पावडर, संध्याकाळी शिऱ्यात पावडर! माळकरी माणूस — माळ सदऱ्याच्या आत ढकलून अंडी उकडायला शिकला! पण व्यायामाला बाईंनी पाय उचलला, की "आई गं!" — आणि डोळ्यांत पाणी यांच्या! "राहू दे कुमुद. मी करतो, तू बघ." हे सतरंजीवर आडवे. पाय वर, पाय खाली! आणि बाई? खुर्चीत बसून शिरा खातायत!

महिन्यानं फिजिओथेरपीच्या मॅडमनी टेप लावली. बाईंचं पोट सुटलेलं, मांडी मात्र काडी! "व्यायाम कोण करतं घरी?" बाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. मॅडमनी त्यांच्या मांडीला टेप लावली — दगड! "वा काका! खो-खोला तुम्हीच उतरा!"

सगळा दवाखाना हसला. कुमुदताई नाही हसल्या.

"अहो, पोरींची स्पर्धा जवळ आलीय. मला मैदानावर उभं राहायचंय. तुमच्या पायांवर कशी उभी राहू?"

घरी आल्या, सतरंजीवर आडव्या झाल्या. दिगंबरराव लगबगीनं पुढे! "थांबा," बाई म्हणाल्या, "पावडर तुम्ही कालवा. दुखणं माझं मला राहू द्या."

पाय उचलला. ओरडल्या. पुन्हा उचलला! आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून हा माणूस पावडर ढवळतोय — रडत रडत! पण बाईंजवळ गेला नाही, मंडळी. सोपं नव्हतं ते!

हळूहळू पावडर अंगी लागली. मांडी भरली. स्पर्धेला बाई काठीशिवाय मैदानावर गेल्या. पोरी हरल्या — आणि बाईंनी उभ्यानं अशी खरडपट्टी काढली, की दिगंबररावांना भरून आलं!

हसताय? हसा! पण मला सांगा, घसा फोडून नाम कोण घेतंय इथं? मी! तुम्ही मांडी घालून बसलात, बुवा आपल्या वाटचंही म्हणतील म्हणून! नाही हो! माझ्या नामानं घसा माझाच बसणार, तुमच्या पदरात काही नाही पडायचं. उचला हात! खांदे दुखतील — दुखू द्या! वाजवा टाळी, आणि म्हणा तुमच्या तोंडानं — विठ्ठल!