कुणाचा चेलो सरस

बरोबर सव्वाचारला सुरू झालं, अक्का. मी काफी गाळत होते. आमचे हे आणि त्यांचे स्नेही हणमंतराव ग्रामोफोनपाशी वाद घालत बसले. चेलो म्हणजे उभं धरून वाजवायचं थोरलं फिडील. त्याचा एकच कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यांच्या ताफ्याबरोबर वाजवायची मोठी चीज, पण दोघांकडे दोन वेगळ्या वादकांच्या तबकड्या.

माझं लक्ष बाळाकडे. सकाळी त्याच्यामागे ताट बडवलं, तरी त्यानं मान वळवली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "पोर बहिरं तर नव्हे?"

यांची तबकडी लागली. बाळ आढ्याकडे बघत पडलेलं. हणमंतरावांची लागली आणि त्यानं भोकाड पसरलं! यांनी पुन्हा आपली लावली, तर गप्प.

"बघा, पोरालाही कळतं!" हे म्हणाले.

हणमंतराव रागानं तबकड्या आवरायला लागले. मी धावले. "भावजी, तुमचीच परत लावा हो!"

"वहिनींची पसंती माझ्याच तबकडीला!" ते फुलले.

सुई टेकली. आता रडलं नाही तर? मी बाळावर वाकले. बाळ रडलं. मीही रडले.

अक्का, उद्या माझ्या माहेरगावी, आडुतुरैला जाताय ना? माझ्या आईला आधी सांगा, बाळाला ऐकू येतं.