विकत घेतलंय मी!

...नाही, मला एक सांगा, तुम्ही खुर्ची विकत आणलीत, चार वर्षं तिच्यावर बसलात, आणि एके दिवशी बसायला जाताय तर खुर्चीच नाही! धाडकन खाली! वर दुकानदार म्हणतो, ‘अहो, खुर्ची कुठे विकली होती, बसायची परवानगी दिली होती!’ चालेल तुम्हाला? मग गाण्याचं कसं चालतं हो? विकत घेतलंय मी!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस. मशीन चालू की गाणी चालू. आणि त्यातलं एक गाणं म्हणजे... आमची थोरली बहीण, अक्का, तरुणपणी एकदाच, एकदाच हो, रेकॉर्डिंगला गेली होती. कोरसमध्ये. नऊजणी एकदम ‘आ’ करतात आणि दहावीचा ‘आ’ जरा मागून येतो. ती अक्का! जन्मभर सगळीकडे उशिरा. जायची तेवढी घाई केली तिने. आता तिचा आवाज उरलाय तो तेवढाच, म्हणून तर मी ॲपवर ‘विकत घ्या’ लिहिलेलं बटण दाबलं. ‘भाड्याने घ्या’ लिहिलं होतं का? विकत!

आणि गेल्या महिन्यात गाणं गायब! फोन केला, तर ती पोरगी काय गोड बोलते, ‘सर, हक्कांचा करार संपला सर, आपण अटी मान्य केल्या होत्या सर...’ अटी? चौऱ्याऐंशी पानं! बायको म्हणते, ‘न वाचताच हो म्हणालात? लग्नातही तेच केलंत!’ म्हटलं, बाई गं, तू निदान गायब तरी झाली नाहीस!

पण मी काय गप्प बसतोय? तडक ग्राहक संघटनेत गेलो, अर्ज ठोकला. विकलंत तर विकलं म्हणा, भाड्याने दिलंत तर तसं म्हणा, आणि विकलेलं परत नेऊ नका! सह्या दुकानातच. पँट न्यायला आलात? आधी सही, मग पँट! एक नवरदेव कोटासाठी आला, त्याला एकच बाही दाखवली, दुसरी सहीनंतर! चारशे बारा सह्या झाल्या, आणि कंपनीचं उत्तर काय? ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.’ मोलाची! मग तीही करा की गायब!

मग रोज फोन. परवा म्हणाले, ‘कृपया थांबा,’ आणि थांबल्यावर वाजतंय काय? तेच गाणं! मला ऐकवायला हक्क नाहीत, ताटकळत ठेवायला आहेत! कात्री हातातच राहिली हो माझ्या. पहिलं कडवं झालं, आता कोरस, आता अक्का येणार... ‘नमस्कार सर, काय मदत करू?’ अगं, मदत कसली करतेस, पुन्हा थांबव मला! पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अगदी तोंडाशी... ‘नमस्कार सर!’ अक्काला उशीर आणि हिला घाई!

लढणार तर आहेच मी, सोडतोय काय? विकत घेतलंय! पण तोवर काय करू? सगळ्या जगाची तक्रार की कंपनीवाले फोन उचलत नाहीत... माझी एकट्याची लेखी तक्रार गेलीय, फार लवकर उचलतात म्हणून!