जरा थांबा, कोट घालून येतो

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? इतकी वर्षं लोकांच्या पुस्तकांत चित्रं काढली, कोपऱ्यात मुंगीएवढं नाव, आता कुठे प्रकाशकबाई म्हणाल्या, "तुमचंच पुस्तक काढू! एखाद्या लांबच्या गावात जा, माणसं काम करताना दिसतात तश्शी काढून आणा. सोमवारी चित्रं टेबलावर हवीत." तुम्हाला सांगतो, आनंदानं मला जेवण जाईना! पेन्सिली घेतल्या, बसमध्ये बसलो, उतरलो, तर पहिल्याच गल्लीत एक मोचीकाका... तोंडात चार खिळे, मांडीवर बूट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अहो, चित्र तयारच होतं, मी फक्त उतरवून घ्यायचं!

पाठ काढली, खांदा काढला, तेवढ्यात काकांनी वर बघितलं. एकेक करून खिळे काढले. "माझं काढताय? मग जरा थांबा, कोट घालून येतो." अहो काका... काका कुठले थांबतायत! तासाभरानं आले. अंघोळ, भांग, लग्नातला कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर. "हां, काढा आता." म्हटलं, "काका, तो बूट घ्या ना हातात." तर म्हणतात, "पुस्तकात यायचं, आणि हातात दुसऱ्याचा फाटका बूट?"

यात माझं काय चुकलं? म्हटलं, जाऊ दे, बेकरीत जाऊ. तर बातमी माझ्या आधी पोचलेली! बेकरीवाल्या मावशी भट्टी विझवून, ओठ रंगवून खुर्चीत. रंगारी अंगावरचा रंग घासून घासून लालबुंद. तीन दिवस सगळं गाव कामधंदा सोडून माझ्यासमोर रांगेत!

चिडलो, काकांनाच जाऊन म्हटलं, "हे काय चालवलंय?" काका हळूच म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं माझी मान खालीच बघितलीय लोकांनी. एकदा वर करून बसू द्या की." खरं सांगतो, मला भरूनच आलं. मग काय, काढले सगळे, कोटाच्या बटणांसकट! यात तरी माझं काय चुकलं?

सोमवारी बाईंनी सगळी चित्रं बघितली. चष्मा काढला, पुसला, परत बघितली. "माणसं अगदी जिवंत उतरलीत हो. पण या गावात काम कोणीच करत नाही?" आणि पुस्तक ढकललं पुढच्या वर्षावर!

अहो, करत होता की एक जण, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मान मोडेस्तोवर. पण त्याचं चित्र कोण काढणार? पेन्सिल त्याच्याच हातात होती!