दादानं घातलेलं शेणखत

माझ्या भावाला झाडांची लई आवड आहे, असं माझ्यासमोर तरी कुणी म्हणू नका.

पडेगावला आमच्या घरामागं नुसता मुरूम. माझ्या एका मैत्रिणीनं हिमाचलातून मुलेन नावाच्या रानटी झाडाचं बी आणलं, ते आईनं तिथंच वरवर भुरभुरलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, घोंगडीसारखी लवदार. दुसऱ्या वर्षी उंच दांडा आणि पिवळी फुलं येतात म्हणे. मैत्रिणीनं बजावलं होतं, खत नको, पाणी जपून. आईनं ते इतकं मनावर घेतलं, की मी तांब्या घेऊन मागं गेले की ओरडायची, "मारती काय त्याला?"

यंदा दांडा वर आला. तेवढ्यात दादा पुण्याहून आला, वर्षातून एकदा येतो तसा.

"काय गं, केवढं सुकवलंय झाड!"

घमेलंभर शेणखत घातलं. होता तोवर सकाळ-संध्याकाळ पाइप सोडला. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, 'आईचं झाड'. मी पाइप बंद करायला उठले, तर आईनं माझा हात धरला. "राहू दे. हौसेनं करतोय."

तो गेला आणि झाड मुळातून कुजलं. दांडा न फुलताच आडवा झाला.

कळवलं तर दादाचा लगेच फोन. "मी एवढं खत घालून आलो, तुला साधं पाणी घालता आलं नाय?"

मी तोंड उघडणार, तोच आईनं फोन ओढून घेतला.

"व्हय रे बाबा," ती म्हणाली, "हिला कुठं झाडांची माया!"