सॅविओचा जुना ई-मेल

आचऱ्याच्या कंप्युटर सेंटरात सुगंधाताई नंबर लावून बसल्या होत्या. त्यांच्या पुढे सॅविओ आणि त्याची बायको ग्लिनिस. बोटीवरच्या नोकरीच्या अर्जात सॅविओला ई-मेल बदलायचा होता आणि आज शेवटची तारीख होती.

"जुना ई-मेल सांगा," काउंटरवरची रसिका म्हणाली.

"सॅविओ... वेनेसा... फॉरेव्हर."

"मोठ्यान सांग रे, लाजतंस कित्याक?" ग्लिनिस म्हणाली.

"सगळं जोडून?"

"तेव्हा जोडूनच होतं."

सुगंधाताई उगाच कागद चाळू लागल्या.

"पासवर्ड?"

"विसरलो. वीस वर्षं झाली, मॅडम."

"मग तेव्हा दिलेल्या मोबाइलवर कोड जाईल. शेवटी सत्तेचाळीस. तुमचाच ना?"

"...वेनेसाचा."

ग्लिनिसने आपला फोन काढला. "सांग तिचो नंबर."

सॅविओने दहाही आकडे एका दमात सांगितले.

"हॅलो, वेनेसा? मी सॅविओची बायल. तुका आता एक कोड येतलो, तो वाचून दाखव गो... देव बरें करूं."

"लागला कोड!" रसिका म्हणाली. "आता नव्या ई-मेलला कुणाचा नंबर जोडू?"

"माझो," ग्लिनिस म्हणाली.

"सांगा."

"तो सांगतलो."

सॅविओने खिशातून मोबाइल काढला आणि ग्लिनिसचा नंबर शोधू लागला.