साहेबाचा लांबचा नेम

शिकारीचं नाव निघालं की मला इब्राहिमभाई आठवतात. नव्वदच्या दशकात दुबईच्या करामा भागात आमच्या शेजारी राहायचे, मूळचे रत्नागिरीचे, एका अरबाकडे स्वयंपाकी. साहेब आफ्रिकेत शिकारीला निघाला की यांना सुरीसकट न्यायचा. पडलेल्या जनावराचा जीव जायच्या आत हलाल करायचं, हे यांचं काम.

एकदा बैलाएवढं हरीण दिसलं, पण फार लांब. वाटाड्या म्हणाला, "साहेब, अजून जवळ जाऊ. वारा आहे, तुम्हालाही धाप लागलीय."

"हबीबी, नेमबाजीच्या क्लबात मी याच्या दुप्पट अंतरावरून मारतो."

"तिथे रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवता, साहेब. आणि कागद हलत नाही."

गोळी हरणाच्या पोटात लागली आणि ते झाडीत पळालं. इब्राहिमभाई सुरी घेऊन अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरले. मग रक्तही दिसेना. साहेब म्हणाला, "खलास, पुरे झालं. यल्ला, चला."

दुबईत परतल्यावर मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, साहेबाची वाहवा झाली.

मी विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू, भाऊ? सगळे विचारत होते, किती लांबून मारलं. ते मेलं का, हे एकानंही विचारलं नाही. आता त्यानं रायफलीला आणखी लांबचं दाखवणारी दुर्बीण बसवलीय. मला म्हणतो, सुरीला धार लावून ठेव."