तिसरी हाक

पोलादपूरच्या एसटी स्थानकात महाडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी जणी होत्या. थोरलीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला सीडी प्लेयर होता.

"ठकूकाकी, त्या रटाळ पिक्चरपायी एवढं ओझं महाडला?"

"दुरुस्त नको करायला?"

"अगो, हिरो-हिरॉईन दोन तास नुसती नदीकडं बघतात. टॉकीजमधी अर्धा गाव घोरत होता."

"त्यांना कोण बघतंय, अनू? त्यांच्या पलीकडं पाण्यात आमचे मालक बैल धुतायत. शूटिंग झालं नि महिन्यात गेले."

"पण ते तर पाठमोरे हायत."

"टॉकीजमधी पाठमोरे. सीडीत तोंड फिरवलं. परवा 'ठकू' म्हणून हाक मारली. काल परत."

"गो बाय! ओ दिलीस?"

"नाय. भुताची हाक दोनदाच येते. तिसरी आली, तर माणूस आपला. तिसरीच्या आधीच हे मशीन बंद पडलं."

"आणि आता आली तर?"

"तर ओ द्यायची. किती ताटकळत ठेवू त्यांना?"

"काकी, असं नको गो बोलू."

"म्हणून तर सकाळीच कोंबड्या तुझ्या खुराड्यात सोडल्या. तांबडी अंड्यांवर बसली हाय, तिला उठवू नको."